बारा मीटर दोर

नाशकात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
की खाली सायखेड्यात आम्ही समजतो,
अजून चार तास आहेत.
यंदा ते मिळाले नाहीत.
गंगापूरचा विसर्ग आणि दारणेचा विसर्ग
एकाच रात्री येऊन भेटले
आणि मधलं बेट,
जे एरवी नावापुरतंच बेट,
जिथं मार्चमध्ये बैलगाडी जाते, टरबुजं होतात,
ते उजाडता उजाडता खरंच बेट झालं.
बावीस घरं, एक शाळाखोली, एक चिंच.

होडी उलटली. माणसं पोहून आली, होडी नाही आली.
हेलिकॉप्टरला आधी छपरांवरची माणसं होती.
पारावर कुणीतरी म्हणालं,
त्या फवारणीवाल्या पोरी कुठायत?

मी होते. पिंपळसची अनसूया होती.
यास्मिन तांबोळी जनरेटरपाशी, बॅटऱ्या चार्ज करत.
आणि कचेश्वरकाका बोरस्ते,
ओझरच्या कारखान्यात चौतीस वर्षं
विमानाच्या पंखांना रिव्हेट मारलेले,
स्वतः एकदाही न उडालेले.
एस.टी.नं गेले, एस.टी.नं आले.

ड्रोनच्या टाकीत द्राक्षांचं औषध असतं.
तीनदा धुतली, गंधकाचा वास जाईना.
काका म्हणाले, टाकीच काढ.
गोठ्यातनं नायलॉनचा दोर आणला, बारा मीटर,
टोकाला अशी कडी केली
की पिशवी भुईला टेकली की सुटावी,
नदीवर असताना सुटू नये.

नऊ किलो.
नऊ किलोत किती भाकरी मावतात
हे मला तोवर माहीत नव्हतं.
आइस्क्रीमच्या थर्माकोलात इन्सुलिन,
दूध पावडर, मेणबत्त्या,
कुणाच्या तरी बाळाचं झबलं, न सांगता कोंबलेलं.

तिसऱ्या खेपेला कडीला चिठ्ठी अडकून आली,
वहीचा कागद, शाळकरी अक्षर:
मीठ विसरलात.
आम्ही चिखलात उभ्या उभ्या हसलो.
इतकं हसलो की यास्मिनला रडू आलं.

नववी पिशवी पाण्यात गेली.
वारा होता म्हणा, माझा अंगठा म्हणा.
तिच्यात कुणासाठी काय होतं
ते यादीत लिहिलं होतं.
मी यादी पाहिली नाही.
अजूनही पाहिलेली नाही.

पडद्यावर मला नुसती डोकी दिसायची.
टोप्या, पदर, पोरांचे भोवरे.
त्यातलं एक प्रत्येक वेळी सगळ्यात आधी धावत यायचं,
हिरवा पदर मागे पडलेला,
पंख्यांच्या वाऱ्याखाली घट्ट उभं राहायचं
आणि दोन हात वर करायचं.
सरळ भांग, मध्ये जरासा वाकडा.
चेहरा दिसला नाही. वर पाहतानाही
हाताच्या आडच राहिला.

सोळाव्या खेपेला दोर चिंचेत अडकला.
मशीन कलंडायला लागलं.
काका एवढंच म्हणाले, सोड.
मी बटण दाबलं. दोर तिकडेच राहिला.
पुढच्या खेपा यास्मिनच्या ओढणीवर गेल्या,
तिच्या भावाच्या साखरपुड्याची, जरीची,
पुराच्या पाण्यावर लकाकत.

पाचव्या दिवशी पाणी उतरलं.
बेट परत नावापुरतं झालं.
मी द्राक्षबागेत, टाकी पुन्हा बसवत होते.
बांधावरनं एक बाई आली, गुडघ्यापर्यंत गाळ.
म्हणाली, साळूबाई गांगुर्डे.
मी म्हटलं, हां, बसा.
ओळखलं नाही.

मग ती पायातला काटा काढायला वाकली
आणि मला भांग दिसला.

आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.
नवव्या पिशवीचं विचारावं असं मनात आलं.
तिनं पिशवीतनं गुंडाळी काढली,
नीट, गोल, टोकाला कडीसकट.
तुमचा दोर, म्हणाली.
धुतलाय.
पोरांनी झोका बांधला होता दोन दिवस,
तेवढा जरा ताणलाय.